छत्रीच्या काडीचे दोन ओरखडे

३ जुलै, बुधवार

मरुदाचलमची टॅक्सी जळली. वाल्पारैच्या घाटात, भर दुपारी!

बातमी नवऱ्यानंच आणली. कंडक्टरशी लग्न केल्याचा हा एक फायदा – तालुक्यातली वाईट बातमी पहिल्यांदा आपल्या उंबऱ्यावर. त्याची बस मागूनच येत होती. धुकं असं की काचेपलीकडचं काही दिसेना. म्हणून मरुदाचलमनं काचेवर वारा मारायला आतला पंखा पूर्ण जोरात सोडला. डॅशबोर्डखालून आधी धूर, मग जाळ. आत पळणीचं एक कुटुंब होतं, म्हातारीसकट सगळी बाहेर पडली. देवाची कृपा. मरुदाचलम मात्र पेटलेल्या वायरी हातांनी ओढत राहिला. दोन्ही तळवे भाजले.

एवढं सांगून तंगवेल आत येऊन बसला. (इथं नाव लिहिते. तोंडानं कधी घेतलं नाही.) मग हळूच म्हणाला, "त्याच गाडीत तू काम केलं होतंस ना?"

केलं होतं. उन्हाळ्यात. माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात रेडिओ बदलला, मागचा कॅमेरा जोडला.

"मग?" मी म्हटलं.

"मग काही नाही."

'काही नाही' म्हणताना माणूस चपला काढायचं विसरत नाही. तो विसरला.

४ जुलै, गुरुवार

काही नाही म्हणे! चहाच्या टपरीवर मी गेले तर बोलणं थांबलं. बॅटरीवाला माझ्याकडे न बघता वर तारांवरच्या कावळ्याकडे बघत होता. मी चहा घेतला, निवांत प्याले, आणखी एक मागितला. पाहिजे नव्हता तरी.

पाठ वळल्यावर कुणीतरी म्हणालंच – "बाईच्या हातात गाडीची वायर दिली की असंच व्हायचं."

वळून म्हटलं, "तुझ्या हातात दिली असती तर स्टँडवरच जळली असती. घाटापर्यंत पोचली तरी."

हे बोलायला नको होतं. चूक कबूल केल्यासारखं झालं. पण जिभेला कोण आवरणार.

६ जुलै, शनिवार

पळणिसामी अण्णा आले. टायरचं दुकान त्यांचं, रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांच्या संघाचे अध्यक्षही तेच. बसले नाहीत. माणूस बसला नाही की समजायचं, निरोप दुसऱ्यांचा आहे.

"अक्का, पुढच्या रविवारी सभा आहे. त्याआधी तूच मोठ्या मनानं बोर्ड उतरव. मिक्सर कर, शिलाई मशीनच्या मोटरी कर. घरबसल्या. कोण नाही म्हणतंय? फक्त गाडीला हात नको."

"अण्णा, जळालेली गाडी कुणी उघडून बघितली?"

"जळालेल्यात काय बघायचं?"

"कुठून जळाली ते."

"डॅशबोर्डमधून जळाली. डॅशबोर्डात तुझा हात होता."

"डॅशबोर्डात काय एकच वायर असते? तुमच्या घराला आग लागली तर चुलीपाशी बघाल की मागच्या वेळी येऊन गेलेल्या पाहुण्याला धराल?"

ते हसले. मग आपण हसलो हे लक्षात आलं आणि निघून गेले.

दुपारी आरोग्यसामी मेस्त्री आले, मला लाडानं 'अम्मिणी' म्हणजे पोरी म्हणणारे. काठी टेकत, ऊन असताना, एवढं लांब! माझ्या दाराशी उभे राहून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलले, "अम्मिणी, हटू नकोस. तू माझ्या हाताखाली शिकलीस. तुझ्या हातून असं होणार नाही. सभेत मी बसतो पुढं. बघू कोण काय बोलतं."

रडू आलं. त्यांच्यासमोर नाही. आत जाऊन.

७ जुलै, रविवार

रविवारचं दुकान बंद. सगळी हत्यारं पुसून, तेल लावून ठेवली. राग आला की मी हत्यारं पुसते. आज आरशासारखी झालीत.

लग्नाआधी चेन्नईजवळच्या कारखान्यात वायरिंगचे जुडगे बांधायचे. कनेक्टरच्या चुकीच्या घरात गेलेली पिन काढायच्या टेबलावर मला बसवलं होतं. तिथं पहिल्या दिवशी शिकवलं ते अजून पाठ आहे. प्लास्टिकच्या घरात पिन टिकते ती पाठीवरच्या इवल्याशा जिभेमुळे. समोरून बारीक काडी सारायची, जीभ दाबायची, की मागून वायर आपसूक हातात येते. जोर लावायचा नाही. आणि परत घालण्याआधी ती जीभ पुन्हा वर उचलायची! हे राहिलं की पिन बसल्यासारखी दिसते, पण बसत नाही. दुसरा भाग जोडताना मागं सरकते. सैल राहते. सैल म्हणजे गरम. आणि पंख्यासारखी जड वायर असली तर गरम म्हणजे आग.

प्रत्येक जातीच्या पिनेला वेगळी काडी लागते. चपटी, दोन दातांची, नळीची. माझ्याकडे सगळ्या आहेत. काही विकत घेतलेल्या, काही करवतीच्या पात्यातून घासलेल्या. मेस्त्री या डब्याला 'अम्मिणीचे दागिने' म्हणतात. ते स्वतः अजून छत्रीच्या काडीवर. पन्हळीसारखी काडी, टोक कानशीनं घासलेलं, सगळ्या गाड्यांना एकच. मलाही पहिल्या दिवशी एक दिली होती. देवाच्या फोटोमागं ठेवलीय. वापरली कधीच नाही. पन्हळीच्या दोन कडांचे दोन ओरखडे पडतात पिनेवर.

मनात आलं – माझ्या कामाला ओरखडा नसतो. हेच दाखवायचं! त्यासाठी गाडीपर्यंत पोचायला हवं.

९ जुलै, मंगळवार

मरुदाचलमच्या घरी गेले. तो दवाखान्यात पट्टी बदलायला गेला होता. ते माहीत होतं म्हणूनच गेले.

त्याची बायको वेलात्ताळ अंगणात नारळाच्या झावळ्या सोलत होती. मला पाहून उठली नाही. कोयता मात्र हातातच.

"काय बघायला आलीस अक्का? उरलंय काय?"

"गाडी बघू दे. माझी चूक निघाली तर तू आहेस, तो कोयता आहे, मी आहे."

कोयत्याकडे बघितलं तिनं. खाली ठेवला. "त्यांना भरवावं लागतं मला," एवढंच म्हणाली. "लहान पोरासारखं. घास घेताना माझ्याकडे बघत नाहीत."

गाडी गोठ्यामागं होती. डाव्या बाजूचं सगळं वितळून खाली आलेलं. वाकून, मान वाकडी करून हात घातला. आधी रेडिओमागचा कनेक्टर. माझा! काजळी धरलेला, पण आतल्या पिना जिथल्या तिथं, सरळ, ताठ. वायर ओढून बघितली – हलेना. शाबास पूंगोडी.

मग पंख्याचा. तो निम्मा विरघळलेला. आग इथलीच. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक आतून बाहेर जळत आलेलं. पिन काढायला काडीही लागली नाही, हातातच आली. उजेडात धरली.

जीभ सपाट. आणि पाठीवर दोन ओरखडे. शेजारी शेजारी. अगदी समांतर.

पदरानं पुसून पुन्हा बघितली. शेवटी विचारलं, "माझ्यानंतर ही गाडी कुणाकडे गेली होती?"

वेलात्ताळ म्हणाली, "पंखा मधेच बंद पडायचा म्हणून मेस्त्रींकडे. त्यांनी करून दिला. पैसे घेतले नाहीत, झाडाचा फणस नेला तेवढा." मग माझ्या तोंडाकडे बघून, "का गं?"

दोन्ही कनेक्टर आणि ती पिन मागितली. तिनं दिली. "माझं नाव मात्र घेऊ नकोस अक्का. यांना पहिली गाडी चालवायला मेस्त्रींनीच मिळवून दिली होती."

१० जुलै, बुधवार

तेच. तेच माझ्यासाठी काठी टेकत आले होते.

११ जुलै, गुरुवार

गेले त्यांच्या दुकानात. सांगायचं ठरवून गेले होते. पिन ओच्यात बांधलेली.

मेस्त्री एका हॉर्नची वायर जोडत होते. तांब्याचं टोक भोकात घालायचं तर दर वेळी बाजूला जाई. मी दारात आहे हे त्यांना कळलं नाही. मग त्यांनी अंगठ्याचं नख भोकावर ठेवलं आणि नखाच्या कडेनं वायर सरकवली. गेली! स्वतःशीच हसले.

"मेस्त्री," म्हटलं.

दचकले. "कोण? अम्मिणी? ये. मी आत्ता तुझ्याकडेच बघत होतो."

माझ्याकडे बघत होते म्हणे! भिंतीकडे तोंड होतं.

"डोळे दाखवलेत का कुठं?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? तू सभेची तयारी कर. सरळ बोल. घाबरलीस की हे लोक पायरी पायरीनं चढतात डोक्यावर."

सुंठीची कॉफी मागवली माझ्यासाठी. ती पिऊन परत आले. पिन ओच्यातच.

१३ जुलै, शनिवार

तंगवेलला सगळं सांगितलं. जेवता जेवता थांबला.

"उद्या हात जोड आणि मोकळी हो. म्हण, चुकलं असेल. झुकलं म्हणून कुणाची कंबर मोडत नाही."

"माझी मोडते."

"ते म्हातारे आहेत, पूंगोडी. किती दिवस राहिले त्यांचे?"

"आणि माझे? माझे तर अजून पुष्कळ राहिलेत. ते सगळे मिक्सर दुरुस्त करत काढू? आणि मेस्त्री अजून गाड्या दुरुस्तीला घेतात, त्याचं काय? पुढची गाडी घाटातून परत येईल कशावरून? आत कुणाची म्हातारी असेल, कुणाचं पोर असेल!"

त्यानं भात संपवला. ताट उचलून स्वतः धुतलं. हे त्याचं 'कर तुला हवं ते'.

ज्यांनी मला हत्यार धरायला दिलं त्यांचं नाव भर सभेत घ्यायचं. घेणार. घेणार!

१४ जुलै, रविवार

सभा पळणिसामी अण्णांच्या अंगणात. सगळे टायरांवर बसलेले. मला कुणीतरी खुर्ची पुढं केली. मीही टायरवरच बसले.

मेस्त्री पुढं, म्हटल्याप्रमाणे. मरुदाचलम एका कडेला, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले. त्या हातांकडे बघितलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. मग तसंच बोलले, सुचेल तसं. रेडिओचा कनेक्टर दाखवला, माझा. पंख्याचा दाखवला, जळालेला. पिन दाखवली.

"जीभ दबलेली आहे. कुणी वर उचलली नाही. आणि हे दोन ओरखडे छत्रीच्या काडीचे. अशी काडी या रस्त्यावर एकच माणूस वापरतो."

मेस्त्रींनी मान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवली.

"एक नाही, दोन," ते म्हणाले. शांतपणे. "एक मी तुला दिलीय. या हातानं."

मागं कुजबुज झाली. "ऐकलंत ना!" कुणीतरी म्हणालं.

"दिलीत. मी ती कधी गाडीत घातली नाही."

"का?"

"ती ओरखडते म्हणून."

कुणीतरी 'छे छे' केलं. गुरूला भर लोकांत असं! मलाही ऐकताना कसंसंच झालं. पण खरं तेच.

"मरुदाचलम," मी म्हटलं, "पंखा मेस्त्रींनी केला होता की नाही?"

तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "केला होता. पण मेस्त्री चुकतील कसे अक्का?"

"पिन काढली, घासली, बसवली," मेस्त्री म्हणाले. "टिक् वाजलं. जन्मभर तो आवाज ऐकत आलोय. मी गाडी परत दिल्यावर कुणी हात घातला ते तिला विचारा."

म्हणजे आता मीच! त्यांना तसंच वाटत होतं. खोटं बोलत नव्हते ते. हेच वाईट.

एका क्षणात सगळं मिटवता आलं असतं. पिन त्यांच्या डोळ्यांपुढं धरायची आणि विचारायचं – मेस्त्री, जीभ वर आहे की खाली? अंगणभर लोकांसमोर. प्रश्न ओठांवर आला होता. नाही विचारला. भ्याले म्हणून नाही. एवढं करून जिंकायचं नव्हतं.

जवळ गेले, पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "डोळ्यांनी राहू द्या. नखानं बघा."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला माहीत आहे हे त्यांना कळलं. मूठ मिटली. बघितली नाही पिन. उठले आणि काठी टेकत निघून गेले.

मग निकाल काय लागायचा! पळणिसामी अण्णा म्हणाले, "बोर्ड उतरव."

"शिडी तुमच्याकडे आहे अण्णा. तुम्हीच चढा. मी खाली उभी राहून बघते."

१५ जुलै, सोमवार

चढले. खरंच! अण्णा स्वतः नाही, त्यांचे दोन गडी. मी खाली बसून एका जीपचा वायपर उघडत होते. काम थांबवलं नाही. फक्त एकदा म्हटलं, "डावीकडचा स्क्रू गंजलाय, आधी तेल सोडा. पत्रा फाटेल माझा." त्यांनी मुकाट्यानं तेल मागितलं. दिलं.

बोर्ड भिंतीला टेकवून ठेवून गेले.

दुपारी तांबडा रंग आणला. भिंतीवर लिहिलं, हातभर अक्षरात – पूंगोडी ऑटो इलेक्ट्रिकल. अक्षर वाकडं आलंय. तंगवेल बस घेऊन जाताना बघून गेला. हॉर्न वाजवला, लांबलचक. त्याच्या ड्रायव्हरला सांगून वाजवायला लावला असणार.

आता उतरवा भिंत!

१७ जुलै, बुधवार

आडी लागला, वाऱ्याचा महिना. वारा नुसता. एकही गाडी नाही. चहावाला चहा देतो, बोलत नाही.

१९ जुलै, शुक्रवार

एक गाडी आली. पालक्काडची, परगावची, त्यांना काय ठाऊक. काचा वर होत नव्हत्या. दारातली एक पिन हिरवी पडलेली. काढली, बदलली, जीभ उचलून बसवली. टिक्. मग वायर ओढून बघितली, दोनदा. हल्ली दोनदा बघते.

गाडीतल्या बाईनं विचारलं, "तुम्ही एकट्याच करता?" म्हटलं, "सध्या तर फारच एकटी." ती हसली. मीही. बऱ्याच दिवसांनी.

२२ जुलै, सोमवार

मेस्त्रींचं दुकान सभेपासून बंदच. कुणी म्हणतं कोइमतूरला लेकीकडे गेले, कुणी म्हणतं माझ्यामुळे अंथरूण धरलं. आज देवळात एक म्हातारी माझ्या तोंडावर म्हणाली, "वाढवलेल्या हाताला चावलीस."

गाऱ्हाणं करणार नाही. पण जेवण जात नाही. पिनेवर दोन ओरखडे नसते तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात आलं. लगेच पुसलं. होते. मी पाहिले. न पाहिल्यासारखं करून पुन्हा कुणाचे तळवे जळू द्यायचे? ते मला जमणार नाही. चावली तर चावली.

२७ जुलै, शनिवार

मेस्त्री आले. भर दुपारी, सगळी दुकानं उघडी असताना. माझ्याकडे नाही – आधी स्टँडच्या टोकाच्या बॅटरीवाल्याकडे. मग सीटवाला. मग पळणिसामी अण्णा, ते तर उठून उभेच राहिले. प्रत्येक पायरीशी थांबून, काठी काखेत धरून, हात जोडून काहीतरी बोलत होते. मला इथून ऐकू येईना.

माझ्याही पायरीशी आले. तसेच थांबले, तसेच हात जोडले. मला कायम 'अम्मिणी' आणि 'तू' म्हणणारा माणूस!

"पूंगोडी अम्मा, पिन नखानं बघितली, जीभ खाली होती. मरुदाचलमची गाडी माझ्या हातानं जळली. मी त्याच्या घरी सांगून आलो. तुम्ही खरं बोललात."

"आत या मेस्त्री," म्हटलं. स्टूल पुढं ओढलं. "बसा."

"पलीकडची बाजू राहिलीय," म्हणाले, आणि लॉऱ्यांच्या रस्त्यावर पाय टाकला.

दुकान तसंच उघडं टाकून धावले. कोपर धरलं त्यांचं. पलीकडच्या एकेका पायरीशी ते हात जोडून बोलत होते, आणि मी शेजारी उभी होते.